चारही वेळा डावीकडे

वास्को, १८ डिसेंबर २००१

ती. स्व. दाजीमामा यांस,
संचिताचा सा. न.

रविवारी तुम्ही जेटीवर पोचलात तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणून आधी घडलं ते लिहिते.

१. सकाळी ६.४० ला बाबा माझी नवी कयाक घेऊन सर्जेकोटच्या जेटीवरून एकटे बाहेर पडले. मतलई वारा, पाठीमागून उजव्या अंगाने, चार ते पाच नॉट. शीड डावीकडे उघडलेलं. जाताना काहीही अडचण नाही.
२. ७.२५ ला ते समुद्रातल्या खडपाशी, खडकांच्या रांगेशी, पोचले. जाळं ओढलं, मग गरी टाकून बसले.
३. १२.५५ ला परत फिरले. आता खारा वारा, वायव्येकडून, अकरा-बारा नॉट. पाठीमागून डाव्या अंगाने. त्यामुळे शीड उजवीकडे.
४. १.०२ ला शिडाच्या तळाची आडवी काठी, जिला आम्ही बूम म्हणतो, उजवीकडून डावीकडे सपकन फिरली. कयाक डावीकडे कलंडली. बाबा पाण्यात.
५. बाबा परत चढून बसले. १.१६ ला पुन्हा तेच. पुन्हा डावीकडे. मासळीची टोपली गेली.
६. शंकरने आपली इंजिनाची होडी नेऊन कयाक दोरीने ओढत आणली.
७. जेटीवर शंकर म्हणाला, "लवू, काकडी खारवूक घातलंस की काय?" कयाकला तो काकडी म्हणतो. सतरा माणसं हसली. मी मोजली.
८. बाबा म्हणाले, "माका ही होडी आयकत नाय." वल्हं माझ्या हातात दिलं आणि घरी गेले.

मी हे सगळं जेटीच्या टोकावरून दुर्बिणीतून पाहिलं. दुर्बिणीत माणूस अंगठ्याएवढा दिसतो, त्यामुळे कारण दिसलं नाही, फक्त परिणाम दिसला.

कयाक मी कशासाठी बांधली ते तुम्हाला माहीत आहे. बाबांचा उजवा खांदा गेला त्याला दोन वर्षं झाली. मोठी होडी वल्हवायला दुसरा माणूस लागतो आणि दुसरा माणूस मिळत नाही. माझा भाऊ कौस्तुभ पुण्याहून परत येणार नाही, हे आपण सगळे जाणतो आणि कोणी बोलत नाही. सकाळी मतलईवर जावं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर यावं, दोन्ही वेळा वारा पाठीशी, वल्ह्याला जेमतेम हात लावावा लागावा, एवढाच हिशेब होता. अडतीस किलोची, फायबरची, एका माणसाला किनाऱ्यावर ओढता येईल अशी. मी तिच्यावर अकरा महिन्यांचे रविवार घातले आहेत. पाठीमागच्या वाऱ्यावर ती चालली नाही, तर तिचा काही उपयोग नाही.

आता कामाचं. सोमवारी पहाटे मी शीड जमिनीवर पसरून मोजलं. मागची कड आराखड्यात ३१२ सेंटिमीटर आहे. तुम्ही शिवलेल्या शिडात ती ३२१ आहे. नऊ सेंटिमीटर जास्त. त्यामुळे शिडाचा वरचा भाग सैल पडतो, वाऱ्यात पिळवटून डोलकाठीच्या पुढे जातो आणि कयाकला डावी-उजवी डोलवतो. डोल वाढला की बूम फिरते. कलंडण्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं.

शीड उसवून ३१२ करून द्याल का? गावात शीड शिवणारे तुम्ही एकटेच उरला आहात, म्हणून दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

संचिता

*

सर्जेकोट, २४ डिसेंबर २००१

चि. संचिता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. म्हणजे दुसरा कोणी असता तर त्याच्याकडे गेली असतीस, असं समजून पुढे लिहितो.

नऊ सेंटिमीटर मी चुकून ठेवलेले नाहीत. शिडाला पोट लागतं. तुझ्या आजोबांच्या वेळच्या मांजरपाटाला मी चार बोटं ठेवत असे, ते पाणी पिऊन आपोआप जागेवर येई. तू पाठवलेलं कापड घोटल्या कागदासारखं. त्याला पाणी चढत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझी चूक तेवढी. उसवलं, परत शिवलं, टेपने मोजलं. ३१२. तुझ्या मामीने दुसऱ्या बाजूने टेप धरली, तिला साक्षीदार समज.

शंकरचं मनावर घेऊ नकोस. तो कालही विचारत होता, "काकडेची उलांडी खंय हरवली?" मी म्हटलं, "रे, शाळेत गेलेली होडी ती, तिका पांगळेपणाची काठी लागणा नाय." पण खरं सांगू, मलाही ती उलांडीशिवाय उघडी वाटते. होडीच्या डाव्या अंगाला दोन दांड्यांवर बांधलेला पांगाऱ्याचा ओंडका नाही, तर माणसाने पाण्यात भरवसा कोणाचा धरायचा? तुझ्याकडे याला उत्तर असेल. आकड्यांत कळव.

तुझो बापूस बरो आसा. पडवीत जाळी सांधत बसतो. कयाक माडाखाली उपडी घातली आहे, वर झावळ्या टाकल्या आहेत. मी विचारलं, "लवू, परत बसतलंस मा?" तर म्हणाला, "बघूया." तुझी आई चंद्रावती त्यावर म्हणाली, "तेंचा बघूया म्हणजे नाय." मला तसं वाटत नाही.

तुझा मामा,
दाजी

*

वास्को, २ जानेवारी २००२

ती. स्व. दाजीमामा यांस,
सा. न.

शिडाबद्दल आभार. माझं शेवटचं वाक्य चुकीचं होतं. मला म्हणायचं होतं की काम तुमच्याकडेच द्यायचं होतं.

उलांडीचं उत्तर आकड्यांत असं: मोठ्या होडीचा तळ निमुळता, म्हणून तिला आधार लागतो. कयाकची रुंदी ७८ सेंटिमीटर, तळ सपाट. एकसष्ट किलोचा माणूस मध्यावर बसला तर ती स्वतःच्या बळावर उभी राहते. उलांडी लावली तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि वेग सहा टक्क्यांनी कमी होतो. म्हणून लावली नाही. हा निर्णय माझा आहे आणि तो बरोबर आहे.

इथे आमच्या होड्या बांधायच्या यार्डात याच साच्याची दुसरी कयाक आहे. मालकांनी ती रविवारी वापरू दिली. झुआरीच्या मुखाशी मी वाऱ्यामागून चौदा फेऱ्या केल्या. दोन गोष्टी बदलल्या:

पहिली, बूमच्या मध्यापासून डोलकाठीच्या बुडाशी एक दोरी ताणून बांधली. बूम वर उचलली जात नाही, शिडाचा माथा पिळवटत नाही.

दुसरी, दोन मीटरची बांबूची काठी. एक टोक डोलकाठीला, दुसरं शिडाच्या मागच्या कोपऱ्याला. तिने शीड बाहेर धरून ठेवलं जातं. लाटेवर ते मिटत नाही.

वेग ३.९ नॉटवरून ४.६ झाला. एकदाही कलंडले नाही. सात फेऱ्यांत मी एकटी होते. माझं वजन बावन्न, म्हणून मध्ये नऊ किलोची वाळूची गोणी ठेवली होती. उरलेल्या सात फेऱ्यांत मी मागे सुकाणूला आणि बाबांच्या जागी एकसष्ट किलोच्या गोण्या.

दोरी, बांबू आणि त्याची कडी एस.टी.च्या पार्सलने पाठवते आहे. सोबत चित्र आहे. १३ तारखेच्या रविवारी बाबांना घेऊन पाहाल का? मला सुटी नाही, त्या आठवड्यात यार्डातून एक होडी पाण्यात उतरायची आहे. वारा बारा नॉटच्या वर असेल तर करू नका. पाण्याचे पांढरे शेंडे दिसू लागले की बारा समजा.

बाबांना म्हणावं, मी चौदा फेऱ्या केल्या आहेत.

संचिता

*

सर्जेकोट, १६ जानेवारी २००२

चि. संचिता हिस आशीर्वाद.

रविवारी केलं. बांबू चित्राप्रमाणे, दोरी चित्राप्रमाणे, शीड ३१२. पांढरे शेंडे नव्हते. मी शंकरच्या होडीतून मागोमाग होतो.

जाताना झकास. लवू गाणं गुणगुणत होता म्हटलं तरी चालेल. येताना खडपापासून निम्म्यावर आलो, आणि बांबूची कडी सुटून बूम डावीकडे गेली. लवू खाली वाकला. होडी डावीकडे उलटली. परत बसवला. पाच मिनिटांत दुसऱ्यांदा. तशीच, डावीकडे.

या वेळी कोणी हसलं नाही. मला ते जास्त वाईट वाटलं.

आता पुरे कर, बाय. तू शिकलीस, तुझं चांगलं चाललंय. प्रत्येक वस्तू प्रत्येक माणसासाठी नसते. लवूचं वयही सत्तावन्न आहे. त्याची काळजी करायला आम्ही इथे आहोत.

मामा

*

वास्को, २१ जानेवारी २००२

ती. स्व. दाजीमामा यांस,
सा. न.

मी पुरे करणार नाही. कारण माहीत नसताना थांबता येत नाही. कारण कळलं आणि ते दुरुस्त होण्यासारखं नसेल, तर मी थांबेन आणि तसं लिहून देईन.

आतापर्यंत मी पुढील गोष्टी तपासून बाजूला काढल्या आहेत. साचा: दोन्ही बाजूंमध्ये फरक तीन मिलिमीटर, दुर्लक्ष करण्याजोगा. डोलकाठी: सरळ. सुकाणू: मध्यावर. शीड: मामीसाहेब साक्षीदार. लाट: तुमची आणि झुआरीची सारखीच, फारतर अर्धा फूट जास्त. बाबांना होडी चालवता येत नाही असं म्हणायचं, तर त्यांनी चाळीस वर्षं काय केलं ते सांगावं लागेल.

तरीही चार वेळा कलंडली, चारही वेळा डावीकडे, चारही वेळा येताना, चारही वेळा शीड उजवीकडे असताना. जाताना एकदाही नाही. यंत्र असं वागतं तेव्हा त्यात एक नेमकी गोष्ट चुकलेली असते. दहा गोष्टी चुकल्या असत्या तर ती कधी उजवीकडेही पडली असती. मी रोज संध्याकाळी हे कागदावर मांडते आणि रोज तिथेच येऊन अडकते. परवा मी यार्डात सगळ्यांसमोर टेबलावर पट्टी आपटली. असं मी करत नाही.

आणखी दोन प्रश्न. यांची उत्तरं सरळ द्या.

पहिला: तुम्ही लिहिलंत की बूम आली तेव्हा लवू "खाली वाकला". बाबा वाकत नाहीत. त्यांना उजवा खांदा घेऊन झटकन वाकताच येत नाही. त्यांना लागलं का? कुठे?

दुसरा: "त्याची काळजी करायला आम्ही इथे आहोत" म्हणजे काय? घरी काय ठरतं आहे?

संचिता

*

सर्जेकोट, ५ फेब्रुवारी २००२

चि. संचिता हिस आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला, कारण दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला माहीत होती.

पहिलं. बूम कानावर बसली. उजव्या कानामागे तीन टाके. आता सुकलं आहे. तो म्हणाला, "चेडवाक कळवू नको, ता आकडे घालीत बसात." मी शब्द दिला होता. तू एका क्रियापदावरून तो मोडलास.

दुसरं. वैभववाडीला माझ्या ओळखीच्या एकांची काजूची बाग आहे. राखणीला माणूस हवा. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. १ मार्चपासून लवूने यावं असं ठरतं आहे. चंद्रावती इथेच राहील. घरची मोठी होडी शंकर घेतो म्हणाला, फेब्रुवारी संपता नेईल. लवूला मी ढकललेला नाही. त्याने स्वतः विचारलं, "दाजी, खंय बसून खावचा काम मिळात?" त्यानंतर माझ्याच्याने नाही म्हणवेना. पण वैभववाडीत घाटाखाली उभं राहिलं की चारही बाजूंना डोंगर. मी लवूला समुद्राकडे पाठ करून जेवतानाही कधी पाहिलेलं नाही.

परवा रविवारी आम्ही दोघं बाग बघून आलो. तुला जरा हसू यावं म्हणून एक सांगतो. कणकवलीहून पुढची एस.टी. भरलेली. तिघांच्या बाकावर कडेला मी, मध्ये लवू, डाव्या हाताला खिडकीशी एक बाई, मांडीवर फणसाच्या रोपांची पिशवी. गाडीने वळण घेतलं की लवू त्या बाईच्या अंगावर. उजवं वळण असो, डावं असो, खड्डा असो, हा डावीकडेच. दोनदा तिने सोसलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "ओ, अंगार कित्याक पडतास? बस काय बुडता?"

लवू म्हणाला, "नाय गे बाय, गाडयेन हिसको दिलो की वायच तोल सांभाळूक व्हयो मा."

"मगे तेंच्यार सांभाळा, तेय आसत मा बाजूक!" म्हणजे माझ्यावर. सगळी बस हसली. ती बाई, सुगंधा नाव तिचं, शेवटी आमच्या ओळखीतलीच निघाली, तिचं माहेर मसुऱ्याचं. उतरताना लवूला म्हणते, "तुमी खलाशी काय वो? माझो बापूस पण असोच बसा. देवळात सुदीक वाकडो."

खरंच आहे. आमच्या सगळ्यांची बैठक तीच. येताना खाऱ्या वाऱ्यात झोत आला की डावा ढुंगणाचा भाग होडीच्या काठाबाहेर, सगळा भार उलांडीच्या दांड्यावर. लहानपणी मला बापाने शिकवलं ते एवढंच. बाकी सगळं दर्याने शिकवलं.

राग मानू नकोस. १ मार्चच्या आधी एकदा येऊन जा, बापाला भेट. कयाकचं राहू दे.

मामा

*

वास्को, ११ फेब्रुवारी २००२

ती. बाबांस,
शि. सा. न.

हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे, दाजीमामांना नाही. त्यांनी वाचून दाखवलं तर चालेल. पण उत्तर तुमचं हवं आहे.

कयाक का कलंडते ते कळलं. चूक माझी आहे. तुमची नाही, शिडाची नाही, वाऱ्याची नाही.

मामांच्या पत्रात एस.टी.तल्या बाईंचा किस्सा होता. तो वाचून मला हसू आलं नाही. मी पत्र तसंच ठेवून कागद काढला.

झोत आला की तुम्ही डावीकडे भार देता. मोठ्या होडीत तिथे उलांडी असते. ती पाण्यावर टेकते, होडी सावरते. येताना वारा डावीकडून असतो, म्हणून तो भार बरोबर बाजूला पडतो. चाळीस वर्षं तो बरोबर होता. कयाकमध्ये डावीकडे काहीच नाही. तुम्ही भार दिला की ती डावीकडे झुकते. झुकलेली होडी सरळ जात नाही, ज्या बाजूला झुकली तिच्या उलट बाजूला आपलं पुढचं टोक, नाळ, वळवते. म्हणजे उजवीकडे. नाळ उजवीकडे गेली की वारा शिडाच्या मागच्या बाजूने शिरतो आणि बूम उजवीकडून डावीकडे फेकली जाते. तुम्ही आधीच डावीकडे कललेले, त्यात बूमचा भार डावीकडे. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

जाताना शीड डावीकडे असतं. तेव्हा तुम्ही डावीकडे कललात तर नाळ वाऱ्याकडे वळते, शीड सैल पडतं, धोका नसतो. म्हणून जाताना कधीच काही झालं नाही.

काल मी हे करून पाहिलं. झुआरीच्या मुखाशी, शीड उजवीकडे, झोत आला की मुद्दाम डावीकडे भार. दुसऱ्याच फेरीत पाण्यात गेले. पाचव्या फेरीत परत. दोन्ही वेळा डावीकडे. बूम माझ्या खांद्याला लागली, जास्त नाही. तुम्हाला कान का वाचवता आला नाही ते समजलं. पाण्यातून डोकं वर काढलं तेव्हा दोन महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

आता माझी चूक नेमकी कोणती ते लिहिते. मी चौदा फेऱ्या केल्या आणि त्यातल्या निम्म्यांत तुमच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवल्या. वजन बरोबर होतं. गोणी झोत आला तरी हलत नाही. मी तुमचं वजन मोजलं, तुमची बैठक मोजली नाही. ती मी जन्मापासून पाहते आहे. तुम्ही पडवीतही डाव्या अंगावर रेलून बसता, आई त्यावरून बोलते. उलांडीही मी जन्मापासून पाहते आहे. कॉलेजच्या चार वर्षांत मी ती कधी कोणाला कागदावर काढून दाखवली नाही. आमच्या पुस्तकांत नव्हती आणि ती फक्त गरीब होडीला लागते असं मला वाटत होतं. मामांना मी लिहिलं होतं की हा निर्णय बरोबर आहे. तो बरोबर नव्हता.

तुम्ही बैठक बदलावी असं मी सांगणार नाही. झोत आल्यावर माणूस विचार करत नाही. होडी बदलायची.

काल दुपारी मी यार्डातले दोन पाइप आणि एक बंद प्लास्टिकचा डबा घेऊन डाव्या बाजूला कामचलाऊ उलांडी बांधली. पुन्हा मुद्दाम डावीकडे भार देत नऊ फेऱ्या केल्या. एकदाही नाही. उलांडी पाण्यात दबली की नाळ थोडी डावीकडे ओढते, म्हणजे वाऱ्याकडे, म्हणजे सुरक्षित बाजूला. वेग ४.६ वरून ४.३ झाला. सहा टक्के, कागदावर होतं तेवढंच. पण कलंडण्याची भीती गेल्यावर मी बांबू पूर्ण बाहेर काढला आणि मोठं शीड लावलं. मग ४.९ मिळाला. उलांडीशिवाय तेवढा कधीच मिळाला नव्हता. मामांना सांगा, त्यांना आणखी एक शीड शिवावं लागेल, आणि या वेळी पोट किती ठेवायचं ते आम्ही दोघं बसून ठरवू.

एक गोष्ट मला इथून ठरवता येत नाही. डबा होडीपासून १२० सेंटिमीटरवर बांधला, तर मी पूर्ण भार दिल्यावर तो बुडतो. १५० वर बांधला, तर लाटेत पाइप वाकतात. माझ्या वजनाला, माझ्या बैठकीला हे आकडे आहेत. तुमचे वेगळे असतील. तुम्ही किती बाहेर बसता, भार किती जोराने देता, ते कोणत्याही पुस्तकात नाही आणि दुर्बिणीतूनही दिसत नाही. मोठ्या होडीची उलांडी तुम्ही स्वतः बांधली आहे. कयाकसाठी ती किती हातांवर बांधायची ते तुम्ही सांगा.

आराखड्यात मी ती जागा कोरी ठेवली आहे.

राखणीचं मला कळलं. त्याबद्दल मामांना बोलू नका, मीच विचारून काढून घेतलं. १ मार्चला तुम्ही वैभववाडीला गेलात तर मी अडवणार नाही. पण होडी ऐकत नाही म्हणून जाऊ नका. ती ऐकत होती. तुम्ही सांगत होतात ते नेमकं ऐकत होती. तिला उलांडी नव्हती, एवढंच.

शंकर मोठी होडी नेणार आहे ती २८ ला. त्याआधी तिची उलांडी आणि दोन्ही दांडे सोडवून ठेवा. पांगाऱ्याचा तो ओंडका कयाकसाठी लांब आहे, तो कापावा लागेल. कुठून कापायचा तेही तुम्हीच ठरवा. शंकरला नवी उलांडी मी देईन असं सांगा. तो काकडीवरून काही बोलला तर बोलू दे.

२४ तारखेच्या रविवारी मी सकाळच्या गाडीने येते. दांड्यांच्या कड्या इथे करून आणायच्या आहेत, त्या अंतर कळल्याशिवाय करता येत नाहीत. सोबत माझा पत्ता लिहिलेलं कार्ड आहे. जास्त लिहायची गरज नाही. हातांचा आकडा तेवढा लिहा आणि खाली सही करा.

हा आकडा गुरुवार, २१ फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडे पोचेल असा पाठवा.

संचिता